प्रोटीन पडद्यावर शिकवताना: आधी अंतर मोजा, रंग मागाहून

प्रोटीनच्या रेणूची त्रिमितीय रचना संगणकावर उघडून बघायची आणि मोजायची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं हे प्रात्यक्षिक मी दरवर्षी घेते. सुरुवातीची काही वर्षं जर्नलांच्या गठ्ठ्यात नुसती रंगपंचमी सापडायची. हिमोग्लोबिनचं निळं-गुलाबी चकचकीत चित्र आणि खाली एक ओळ, ‘हिमोग्लोबिनची रचना’. तोंडी परीक्षेत विचारावं, "यात ऑक्सिजन कुठंय?" तर पोरगं बिनदिक्कत एका लाल ठिपक्यावर बोट ठेवायचं. तो ठिपका पाण्याचा असायचा, आणि रचना तर ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनची असायची.

चूक माझी होती. मी प्रोजेक्टरवर रेणू गरागरा फिरवून दाखवायचे आणि मग म्हणायचे, "चला, आता तुम्ही करा." बघून कळल्यासारखं वाटतं, पण हाती काही राहत नाही.

खालचा क्रम सांगली परिसरातल्या एका साध्या कॉलेजात घासून तयार झाला आहे. कॉम्प्युटर विभागाकडून उसनी मिळणारी लॅब, बारा मशीन, चोवीस मुलं आणि जतची गाडी चुकू नये म्हणून साडेचारपासून घड्याळाकडे बघणारे चार-पाच जण. याला दोन प्रात्यक्षिकं लागतात. पहिल्या दिवशी टप्पा १ आणि २, दुसऱ्या दिवशी उरलेलं. एका दिवसात सगळं कोंबू नका.

आदल्या आठवड्यात: मशीन, फाइली, माउस

सॉफ्टवेअर एकच ठरवा. मी कायमेरा-एक्स वापरते. शिक्षणासाठी ते फुकट आहे आणि एकदा बसवलं की इंटरनेटशिवाय चालतं. मात्र त्याला ओपन-जीएलची, म्हणजे पडद्यावर त्रिमितीय चित्र काढणाऱ्या प्रणालीची, ३.३ आवृत्ती लागते. जुन्या मशीनवर ते उघडतच नाही, किंवा उघडतं आणि पडदा काळा राहतो. हे प्रात्यक्षिकाच्या दिवशी कळलं तर तास गेलाच समजा, म्हणून आदल्या आठवड्यात प्रत्येक मशीनवर स्वतः उघडून बघा. लॅब सहायकाचं "सगळं चालतंय मॅडम" पुरेसं नाही. मशीन फारच जुनी असतील तर प्रोटीन डेटा बँकेच्या (प्रोटीनांच्या रचनांचा जगभरचा साठा) संकेतस्थळावरचं मोल-स्टार थेट ब्राउझरमध्ये चालतं. पण अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे असं नको. दोन्हीकडचे मेनू वेगळे, आणि टप्पा ४ मध्ये दिसेल तसं पडद्यावर येणारं चित्रही वेगळं.

चार फाइली आधीच उतरवून प्रत्येक मशीनवर ठेवा: १सीआरएन, ४एचएचबी, १एचएचओ आणि २एचबीएस. हे डेटा बँकेचे चार अक्षरांचे संकेत आहेत. इथे मी उच्चाराप्रमाणे लिहिले असले तरी संगणकावर रोमन अक्षरांतच टाइप करायचे. बारा मशीन एका हॉटस्पॉटवर टाकून त्याच वेळी फाइली उतरवायचा प्रयोग मी केलेला आहे, पुन्हा करणार नाही.

माउस चाकाचाच हवा. डावं बटण दाबून रेणू फिरतो, उजवं दाबून सरकतो, चाकाने जवळ-लांब होतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे करताना मुलं रेणू पडद्याबाहेर हरवून बसतात.

शेवटची तयारी प्रश्नपत्रिकेची. एका पानावर प्रत्येक टप्प्याचे दोन-तीन प्रश्न आणि उत्तराला रिकामी चौकट. उत्तर आकड्यात आणि एककासह. चित्र मागणारा प्रश्न या पानावर एकही नको.

टप्पा १: पडदा बंद, सुतळी हातात

मशीन सुरूच करू देऊ नका. प्रत्येक जोडीला साधारण दोन मीटर सुतळी द्या. मार्केट यार्डात हळदीची पोती शिवायची असते तसली चालते, फार मऊ नको. सुतळीवर दर ३.८ सेंटिमीटरवर स्केचपेनने खूण करायची. खुणा ४६. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; प्रत्येक खूण म्हणजे एका अमिनो आम्लाचा अल्फा कार्बन, त्याचा मधला कार्बन, आणि लगतच्या दोन अल्फा कार्बनांमधलं अंतर ३.८ अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) असतं. म्हणजे आपलं माप ठरलं: १ सेंटिमीटरला १ अँगस्ट्रॉम. पहिल्या खुणेपासून शेवटच्यापर्यंत १७१ सेंटिमीटर भरतात. जवळजवळ माणसाएवढी उंची.

खुणांना पहिल्या टोकापासून क्रमांक द्या. दोन्ही टोकं वेगळी दिसली पाहिजेत. एकाला ‘एन’ची चिठ्ठी (साखळीची सुरुवात), दुसऱ्याला ‘सी’ची (शेवट).

मग रिकाम्या पाण्याच्या बाटलीभोवती सुतळी गुंडाळून अल्फा हेलिक्स, म्हणजे साखळीची स्प्रिंगसारखी गुंडाळी, करायला सांगा. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉम उंच. मापं तंतोतंत जमणार नाहीत आणि जमायची गरजही नाही. इथे एकच गोष्ट तपासायची आहे, वेढा उजवा आहे की डावा. साध्या स्क्रूचे आटे उजवे असतात. एक मोठा स्क्रू बाटलीशेजारी धरा, तिरकेपणा जुळला पाहिजे.

*पडताळा:* निम्म्या जोड्यांचा वेढा डावा निघतो. त्यातले काही हुशार बाटली उलटी धरतात आणि "आता बरोबर झाला" म्हणतात. स्क्रू उलटा करून दाखवा. उजवा वेढा उलटा केला तरी उजवाच राहतो. दोन मिनिटांची ही गोष्ट फळ्यावर काढून वीस मिनिटांत पटत नाही.

टप्पा २: क्रॅम्बिन, सगळं राखाडी

आता मशीन सुरू करा आणि १सीआरएन उघडा. क्रॅम्बिन हे मोहरीच्या कुळातल्या एका झाडाच्या बियांमधलं छोटं प्रोटीन. ४६ अमिनो आम्लं, फाइलमध्ये ३२७ अणू. बहुतेक शिक्षक थेट हिमोग्लोबिनला हात घालतात. तिथे साडेचार हजारांच्या आसपास अणू अंगावर येतात आणि मुलं घाबरून रंगांकडे वळतात. क्रॅम्बिनमध्ये दोन हेलिक्स, एक लहानसा बीटा पत्रा (साखळीचे शेजारी-शेजारी ताणलेले पट्टे) आणि तीन डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधले टाके), एवढंच आहे. अख्खं एका तासात पायी फिरून होतं.

क्रम असा ठेवा.

१. फीत (साखळीची वाट दाखवणारी रिबनसारखी आकृती) लपवा, अणू काड्यांच्या रूपात दाखवा, सगळ्यांना एकच राखाडी रंग द्या. मुलं कुरकुर करतात, करू द्या.

२. सिलेक्ट मेनूत स्ट्रक्चरखालचं बॅकबोन निवडून फक्त कणा दाखवा. माउस नुसता अणूवर नेला की त्याचं नाव आणि क्रमांक दिसतो. १ पासून ४६ पर्यंत बोटाने वाट चालायची. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने सुतळीवर त्याच खुणेवर बोट ठेवायचं.

३. आता मोजायचं. पहिला अणू कंट्रोल दाबून क्लिक, दुसरा कंट्रोल आणि शिफ्ट दाबून क्लिक. मग टूल्समधल्या स्ट्रक्चर ॲनालिसिसखाली डिस्टन्सेस उघडून क्रिएट. लगतचे कोणतेही दोन अल्फा कार्बन घ्या.

*पडताळा:* उत्तर ३.८ च्या जवळ आलं पाहिजे. दीड आलं तर मुलाने त्याच अमिनो आम्लाचा कार्बोनिल (ऑक्सिजन जोडलेला) कार्बन धरला आहे. २.४ आलं तर पुढच्याचा नायट्रोजन. पाच ते सातच्या आसपास किंवा त्याहून मोठं काही आलं तर मधलं एखादं अमिनो आम्ल सुटलं. हे आकडे पाठ असले की तुम्हाला मशीनपर्यंत जायचीही गरज पडत नाही. बाकावरून "मॅडम, दीड येतंय" असा आवाज आला की जागेवरूनच सांगता येतं.

४. पहिल्या हेलिक्समध्ये ७ आणि १५ क्रमांकांचे अल्फा कार्बन मोजा. मोजण्याआधी अंदाज लिहून घ्या. हेलिक्समध्ये प्रत्येक अमिनो आम्लामागे १.५ अँगस्ट्रॉम चढ असतो. आठ पायऱ्या, म्हणजे सुमारे १२. सुतळीवर त्याच दोन खुणांमध्ये ३०.४ सेंटिमीटर आहेत. साखळी गुंडाळल्यावर किती आखडते, हे मुलाला इथे पहिल्यांदा कळतं.

५. सातव्याचा कार्बोनिल ऑक्सिजन आणि अकराव्याचा नायट्रोजन, यांच्यातलं अंतर मोजा. ३ च्या आसपास येतं. हाच हायड्रोजन बंध. "पण हायड्रोजन कुठं दिसतोय?" असा प्रश्न आला तर त्या बाकाला शाबासकी द्या. क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत हायड्रोजन सहसा दिसतच नाहीत, म्हणून आपण ऑक्सिजन ते नायट्रोजन मोजतो.

६. सिस्टीनच्या (गंधक असलेलं अमिनो आम्ल) जोड्या शोधा: ३ आणि ४०, ४ आणि ३२, १६ आणि २६. गंधक ते गंधक अंतर २ अँगस्ट्रॉमच्या जरासं वर. सापडली जोडी की सुतळीवर त्याच दोन खुणा दोऱ्याने बांधायच्या. तीन जोड्या बांधून झाल्यावर माणसाएवढ्या सुतळीचा गुंता हातात येतो. पडद्यावरचं क्रॅम्बिन मात्र याच मापाने दीड वितीत मावतं. हा फरक कुठून आला हे मुलांनाच विचारा.

हे सगळं झाल्यावरच फीत दाखवा, आणि लगेच, मध्ये न थांबता, अणू पूर्ण आकाराच्या गोळ्यांत दाखवा. हा बदल चुकवू नका. नुसती फीत बघून मुलांच्या डोक्यात प्रोटीन म्हणजे आतून पोकळ पिंजरा अशी समजूत बसते आणि ती पुढे एमएस्सीपर्यंत हलत नाही. गोळे दाखवल्यावर तासगावच्या एका मुलीने म्हटलं होतं, "मॅडम, हा तर विरळणी न केलेला घड." तंतोतंत. मणी मण्याला भिडलेला, मध्ये बोट घालायला जागा नाही.

*सावध:* लाइट कधी जाईल सांगता येत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर सेशन, म्हणजे पडद्यावरचं सगळं काम, जतन करायला लावा, फाइलचं नाव रोल नंबर आणि टप्पा. नुसतं चित्र जतन करणारे नेहमी निघतात. चित्रातून रेणू परत फिरवता येत नाही.

टप्पा ३: ४एचएचबी, आता रंग

दुसरा दिवस. ऑक्सिजन नसलेलं मानवी हिमोग्लोबिन. चार साखळ्या: ए आणि सी अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या, बी आणि डी बीटा, प्रत्येकी १४६. आता साखळीनुसार रंग द्या, कारण आता रंगाला काम आहे. नियम असा की प्रत्येक रंगामागे एक वाक्य असलं पाहिजे. "निळा म्हणजे काय?" याला उत्तर नसेल तर तो रंग काढायचा. वर्गात एखाद्याला लाल-हिरवा भेद कळत नसतो आणि तो सांगतही नाही. निळा आणि नारिंगी अशी जोडी घेतली की प्रश्न मिटतो.

आधी लाल ठिपके निकाली काढा. एकावर माउस न्या, पाण्याचं नाव दिसेल. मग पाणी लपवा. फाइलमध्ये फॉस्फेटही आहेत. "हे प्रोटीनचा भाग आहेत का?" हे विचारून पुढे जा.

मग ए साखळीतलं हीम, म्हणजे मधोमध लोह धरणारा चपटा रेणू. लोहापासून ८७ क्रमांकाच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या जवळच्या नायट्रोजनपर्यंत मोजायचं, २ अँगस्ट्रॉमच्या थोडं वर येतं. म्हणजे खरा बंध. चारच्या वर आलं तर मुलाने हीमच्या पलीकडच्या अंगाचा ५८ क्रमांकाचा हिस्टिडीन पकडला आहे. ही चूक दुरुस्त करून सोडून देऊ नका. त्याला विचारा, "या दोघांच्या मधली ही रिकामी जागा कुणासाठी?" ऑक्सिजनची जागा त्याने चुकूनच शोधलेली असते. बीटा साखळीत हेच दोन हिस्टिडीन ९२ आणि ६३ क्रमांकावर आहेत. ते न सांगता शोधायला द्या.

हीम बाजूने, अगदी कडेने बघायला लावा. लोह हीमच्या पातळीत नाही, ८७ च्या बाजूला किंचित सरकलेलं आहे. समोरून बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. स्थिर चित्रात खोली कळत नाही, रेणू थोडा डावी-उजवीकडे डोलवत ठेवावा लागतो.

टप्पा ४: साखळ्या दोन की चार?

१एचएचओ, ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन. एकच प्रश्न द्या: साखळ्या किती?

एका वर्षी एका बाकाने कायमेरा-एक्समध्ये उघडून दोन मोजल्या. शेजारच्या बाकावरच्या मुलाने मोबाइलवर डेटा बँकेचं पान काढलं, तिथे चार. हमरीतुमरीवर आले. दोघंही बरोबर होते. फाइलमध्ये स्फटिकाचा तेवढाच भाग लिहिलेला असतो, ज्याची नक्कल फिरवून-सरकवून बाकीचा स्फटिक उभा राहतो. इथे तो भाग म्हणजे अर्धं हिमोग्लोबिन. डेटा बँकेचं पान मात्र जैविक एकक आधीच जोडून दाखवतं.

कायमेरा-एक्समध्ये ते जोडायला लॉगमधल्या असेंब्ली १ वर क्लिक पुरतं.

*सावध:* उलटंही घडतं. फाइलमध्ये आठ साखळ्या दिसल्या म्हणजे रेणू आठ साखळ्यांचाच असं नाही. पुढच्या टप्प्यात नेमकं हेच आहे, तेव्हा आत्ताच सांगून ठेवा.

टप्पा ५: एका अमिनो आम्लाचा फरक

२एचबीएस हे सिकल सेल हिमोग्लोबिन. आपल्या भागात हा आजार फारसा ऐकू येत नाही, पण नंदुरबार किंवा गडचिरोलीकडून आलेला विद्यार्थी असेल तर त्याच्या घरातलाही विषय असू शकतो. जपून बोला.

फाइलमध्ये आठ साखळ्या, म्हणजे दोन पूर्ण हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी. बीटा साखळ्या बी, डी, एफ आणि एच. चौघींच्याही सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन आहे. ही चार व्हॅलिन गोळ्यांत आणि ठळक रंगात दाखवा, बाकी सगळं फिकट. प्रश्न: यांपैकी कोणतं व्हॅलिन शेजारच्या रेणूत घुसलंय, आणि त्याच्या आजूबाजूला कोण आहे?

उत्तर सांगू नका. सगळी चार घुसलेली नाहीत, एवढंच सांगा. सापडल्यावर शेजारच्या बीटा साखळीतले ८५ क्रमांकाचं फिनाइलॲलनिन आणि ८८ क्रमांकाचं ल्युसिन दिसले पाहिजेत. पाण्याला टाळणारी मंडळी एकत्र आली आहेत. इथे विद्युतभारयुक्त ग्लुटामेट असतं तर ते या खोबणीत रमलं असतं का, हे मुलं आता स्वतःच सांगतात.

*क्रमांकाचा घोळ:* काही ठिकाणी हाच बदल सातव्या जागी लिहिलेला सापडतो. जनुकाप्रमाणे मोजताना सुरुवातीचं मेथिओनिन धरतात, ते नंतर छाटलं जातं आणि रचनेच्या फाइलमध्ये नसतं. मोबाइलवर शोधून "मॅडम, तुमचं चुकलंय" म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा. त्याने निदान ताडून तरी बघितलं.

टप्पा ६: अल्फाफोल्ड आणि हळद

या दोन गोष्टी मुलं स्वतःहून काढतातच, म्हणून थोडक्यात.

अल्फाफोल्ड हा अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारा संगणकी कार्यक्रम. त्याच्या साठ्यातून बीटा साखळी उतरवून ४एचएचबीच्या बी साखळीवर बसवा. घडी छान जुळते, पण खोबण रिकामी असते, हीम नाही. अंदाजाने बांधलेल्या त्या रचनेत फक्त साखळी आहे. दुसरा सापळा रंगाचा. क्ष-किरण रचनेत ज्या रकान्यात अणूंचा अस्थिरपणा असतो, त्याच रकान्यात अल्फाफोल्ड आपली खात्री ० ते १०० मध्ये लिहितं. पहिल्यात मोठा आकडा वाईट, दुसऱ्यात चांगला. दोघांना एकाच रंगपट्टीने रंगवलं तर अर्थ उलटा लागतो. ५० च्या खालच्या भागांवरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

आणि सांगलीत शिकवताय म्हणजे कुणीतरी हळदीतलं कर्क्युमिन डॉक करायचं, म्हणजे संगणकावर प्रोटीनच्या खोबणीत बसवून बघायचं, म्हणणारच. प्रोजेक्टला ते छान दिसतं. माझी अट एकच: आधी त्याच प्रोटीनच्या फाइलमध्ये असलेला मूळ लिगंड (प्रोटीनला चिकटलेला छोटा रेणू) काढून तोच परत डॉक करून दाखवा. मूळ जागेपासूनचं सरासरी विचलन २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर कर्क्युमिनकडे वळा. बहुतेक जण इथूनच परततात.

गुण देताना

प्रत्येक चित्राखाली एक वाक्य सक्तीचं, आणि त्यात एक आकडा. ‘हिमोग्लोबिनमधील हीमची सुंदर रचना’ याला शून्य. ‘ए साखळीत लोह आणि ८७ व्या हिस्टिडीनचा नायट्रोजन यांत २.१ अँगस्ट्रॉम अंतर आहे, म्हणजे बंध आहे. ५८ व्याशी नाही’ याला पूर्ण गुण, चित्र करड्या रंगाचं असलं तरी. एक प्रश्न असाही घाला ज्याचं उत्तर या फाइलवरून मिळतच नाही. उदाहरणार्थ, ‘ऑक्सिजन सुटायला किती वेळ लागतो?’ ‘यावरून कळत नाही’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. पहिल्या वर्षी माझ्या चोवीसपैकी दोघांनीच तसं लिहिलं होतं, बाकीच्यांनी आकडे ठोकून दिले होते.

जर्नल तपासायला बसताना मी आधी सेशन फाइल उघडते. अंतराच्या तुटक रेषा त्यात तशाच असतात. शेजाऱ्याचं चित्र उचललेलं असेल तर सेशन एक तर नसतं, किंवा त्यात रेष भलत्याच अणूंना जोडलेली सापडते.